हडसन नदीखालच्या गाड्यांविषयी मित्रास पत्र

राजारामपुरी, कोल्हापूर

प्रिय दत्ता,
सप्रेम नमस्कार.

सुमन न्यू जर्सीहून रोज हडसन नदीखालून न्यू यॉर्क शहरातल्या मॅनहॅटनला कामाला जाते, हे कळल्यापासून वहिनींच्या डोळ्याला डोळा लागत नाही, असे तू लिहिलेस. त्यांना सांग, पाण्याची धास्ती सोडा. तिथली खरी अडचण रुळांची आहे, आणि मिरज लाइनवर स्टेशन मास्तरकी करण्यात जन्म गेलेल्या माझ्यासारख्याला ती चटकन कळते.

हडसनखाली या गाड्यांच्या बोगद्याच्या दोन नळ्या आहेत आणि प्रत्येकीत एकच रूळमार्ग. पेनसिल्व्हेनिया रेल्वेने बांधलेल्या या नळ्यांतून १९१० साली गाड्या धावू लागल्या. तोवर बहुतेक प्रवाशांना न्यू जर्सीकडच्या काठावर उतरून बोटीने नदी ओलांडावी लागे. गाळातून पोलादी ढाल पुढे रेटायची, आत दाबाची हवा भरून पाणी थोपवायचे आणि मागोमाग बिडाच्या कड्या बोल्टांनी आवळत यायचे, असे दोन्ही काठांकडून ते काम चालले. आत दोन्ही अंगांना काँक्रीटचे उंच ओटे आहेत. त्यांच्या पोटात केबली, आणि गाडी अडकलीच तर वरून चालत बाहेर पडायची वाट. झिरपलेले पाणी सखल जागी जमते, ते पंपाने उपसतात. गाड्या विजेवरच चालतात. वर विजेची तार नसलेल्या मार्गांवरून येणाऱ्या काही गाड्यांना दुहेरी इंजिन असते, ते वाटेत डिझेल बंद करून पँटोग्राफ, म्हणजे तारेतून वीज घेणारा छतावरचा सांगाडा, वर करते.

गर्दीच्या वेळी एका नळीतून तासाला २४ गाड्या शहरात शिरतात, म्हणजे अडीच मिनिटाला एक, आणि त्यांत न्यू जर्सी ट्रान्झिटच्या लोकल व अ‍ॅमट्रॅकच्या लांब पल्ल्याच्या गाड्या एकाच रांगेत. एक नळी बंद झाली, की हा आकडा निम्म्यावर नव्हे, ६ वर येतो. एका दिशेच्या काही गाड्या लागोपाठ सोडायच्या, शेवटची पार बाहेर पडेपर्यंत समोरच्यांनी ताटकळायचे, मग उलट दिशा. प्रत्येक पालटीला अख्खी नळी रिकामी होण्याचा वेळ वाया जातो. आपल्या रुकडी स्टेशनात समोरची गाडी जाऊ देण्यासाठी गाडी उभी करून लाइन क्लिअरची, म्हणजे पुढचा मार्ग मोकळा असल्याच्या परवानगीची, वाट पाहणाऱ्याला हे निराळे सांगायला नको.

पाणी आत शिरले ते ऑक्टोबर २०१२ मध्ये, सँडी वादळात, आणि तेही वरच्या नदीतून नव्हे, तर शहराकडच्या तोंडातून. उपसा झाला, पण क्षार मागे राहिले आणि ते अजून ओट्यांचे काँक्रीट व केबली पोखरत आहेत. पुरती दुरुस्ती करायची तर एकेक नळी दीर्घकाळ बंद ठेवावी लागेल, आणि त्या ६ गाड्यांवर शहराचे भागणार कसे? म्हणून आधी शेजारी नव्या दोन नळ्या बांधायच्या, मगच जुन्यांना हात लावायचा, असे ठरले आहे; मला तरी हा क्रम रास्त वाटतो. तोवर डागडुजी बहुधा शनिवार-रविवारी, एक नळी बंद ठेवून चालते. सुट्टीच्या दिवशी सुमनला घरी पोहोचायला उशीर झाला, तर वहिनींना आधी हे कारण सांग.

तुझा,
वसंत