हवेचा धोका फुफ्फुसांपुरता नाही

महोदय,

थंडी सुरू झाली की हवेच्या निर्देशांकाच्या बातम्या येतात आणि चर्चा दमा, खोकला यांच्याभोवतीच फिरते. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने 2013 मध्ये बाहेरील हवेच्या प्रदूषणाला कर्करोगकारक ठरवले, ते प्रामुख्याने फुफ्फुसांविषयीच्या पुराव्यावर. मात्र सहा लाखांहून अधिक अमेरिकी प्रौढांचा 22 वर्षे पाठपुरावा करणाऱ्या, 2017 मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात पीएम 2.5 हे सूक्ष्म कण जिथे जास्त, तिथे मूत्रपिंड व मूत्राशयाच्या कर्करोगाने होणारे मृत्यूही अधिक आढळले. त्याच वर्षीच्या युरोपीय अभ्यासात मूत्रपिंडाबाबतचा कल त्याच दिशेचा असला, तरी संख्याशास्त्राच्या कसोटीवर तो ठाम ठरला नाही. म्हणून घबराट नको. पण यातले सर्वांत बारीक कण फुफ्फुसांतून रक्तात उतरू शकतात आणि हृदयातून निघणाऱ्या रक्ताचा सुमारे पाचवा हिस्सा मूत्रपिंडांकडे जातो, हे ध्यानात घेता ही शंका अनाठायी म्हणता येत नाही.

आपल्याकडे पीएम 2.5 ची वार्षिक मर्यादा 40 मायक्रोग्रॅम प्रति घनमीटर आहे, तर जागतिक आरोग्य संघटनेची 5. त्यातही राष्ट्रीय शुद्ध हवा कार्यक्रमात शहरांचे मूल्यमापन पीएम 10 वर, म्हणजे ज्यात जाडसर धूळही मोजली जाते त्या मापावर होते. रस्त्यावर पाणी मारून धूळ बसते. डिझेलच्या धुरातले आणि पहाटे कोपऱ्यावर पेटवलेल्या प्लास्टिकमिश्रित कचऱ्यातले बारीक कण मात्र तोंडाला फडके बांधून झाडणाऱ्या सफाई कामगाराच्या श्वासात जातच राहतात. हे मूल्यमापन पीएम 2.5 वर व्हावे आणि कर्करोग नोंदणीत रुग्णाच्या राहण्या-कामाच्या परिसराचीही नोंद घेतली जावी, अशी माझी कळकळीची मागणी आहे.

– एक वाचक, चेंबूर, मुंबई