रंग गेला, पण पाणी शुद्ध झालं का?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

सोलापूरच्या पूर्व भागात मी 31 वर्षं सूत रंगवतो. माझी मुलगी रसायनशास्त्रात एम.एस्सी. करते, नॅनो विज्ञानाचा, म्हणजे अतिसूक्ष्म कणांच्या अभ्यासाचा, एक पेपर तिला आहे. मार्चमध्ये तिनं आमच्या हौदातलं लाल पाणी पातळ करून तीन बरण्यांत भरलं. एक नुसती. दुसरीत टायटॅनियम डायऑक्साइडची चिमूटभर नॅनो पूड. तिसरीत तीच पूड, पण बरणीला काळा कागद गुंडाळलेला. तिन्ही गच्चीवर उन्हात ठेवल्या, तिची आई अर्ध्या-अर्ध्या तासानं ढवळत होती. संध्याकाळी दुसरी बरणी फिकट गुलाबी झाली, नुसती आणि काळ्या कागदातली मात्र लालच राहिल्या. म्हणजे काम उन्हानं आणि पुडीनं मिळून केलं होतं.

एवढ्याशा पुडीनं कसं? तिनं हिशेब मांडून दाखवला. एक सेंटीमीटरचा ठोकळा असेल तर त्याचा पृष्ठभाग 6 चौरस सेंटीमीटर. त्याचेच एक-एक नॅनोमीटरचे (मीटरचा अब्जावा भाग) ठोकळे केले तर 6000 चौरस मीटर, म्हणजे जवळजवळ दीड एकर! माल तेवढाच, पण काम करायला जागा दीड एकराची.

मी हरखलो, तर ती म्हणाली, "अप्पा, रंग गेला म्हणजे पाणी चांगलं झालं असं नाही." रंग अर्धवट तुटला तर मागे अमाइन नावाची घातक रसायनं राहू शकतात. शिवाय ती पूडही नाल्यात जाणार. पुडीचा कण केवढा, हे भौतिकशास्त्राच्या यंत्रावर कळतं. पाण्यात काय उरलं, ते रसायनशास्त्र सांगणार. त्या पाण्यावर मेथी उगवते का, जिवाणू जगतात का, हे जीवशास्त्राचं काम.

इथंच तिचं घोडं अडलं. बियांचा प्रयोग 'आमच्या विषयात बसत नाही' असं तिच्या विभागात सांगितलं, आणि जीवशास्त्रात 'तुम्ही आमच्या विद्यार्थिनी नाही'. तीन आठवडे ती एकाच इमारतीत जिने चढत-उतरत राहिली. शेवटी मेथी आमच्या स्वयंपाकघरात, ताटलीत ओल्या फडक्यावर पेरली. विद्यापीठाच्या शिक्षणात हे असं व्हावं, याचं मला फार वाईट वाटतं.

2023 चं रसायनशास्त्राचं नोबेल क्वांटम डॉट्स, म्हणजे काही नॅनोमीटरच्या चमकणाऱ्या कणांवरच्या कामाला मिळालं. ते मिळवणाऱ्या तिघांपैकी येकिमोव्ह भौतिकशास्त्रातले, ब्रुस आणि बावेंडी रसायनशास्त्रातले. आम्ही रंग बदलायचा तर डाय बदलतो, इथं पदार्थ तोच, फक्त कण लहान-मोठा झाला की रंग बदलतो. मला रंगाऱ्याला हे ऐकून रात्रभर झोप लागली नाही. 2020 च्या शैक्षणिक धोरणात बहुविद्याशाखीय शिक्षणाचं नाव आहेच. मग नॅनोच्या प्रोजेक्टला दोन विभागांचे दोन गाईड आणि तिन्ही विभागांची एकच प्रयोगशाळा-वेळ का देत नाहीत? नवं यंत्र घ्या असं मी म्हणत नाही. आहे त्याचं दार उघडा. टॉवेलवर चांदीचे नॅनोकण बसवले की जिवाणू मरतात, पण धुण्यात ते कण निघतात का, हाही प्रश्न आमच्या सोलापूरच्या मुलांनीच सोडवावा.

पाण्याचे नमुने लागतील तेवढे माझ्याकडून न्यावेत. लाल रंगाचा हौद मंगळवारी आणि शुक्रवारी सकाळी सहाला रिकामा होतो, त्याआधी कुणीही यावं.

— एक रंगारी पालक, पूर्व भाग, सोलापूर