८७.५५५६ मधला शेवटचा ६ कोणी मोजला?

संपादक महोदय,
स.न.वि.वि.

कालच्या अंकातली पावसाची बातमी वाचली आणि चहा तसाच गार झाला. "जिल्ह्यात सरासरी ८७.५५५६ मिमी पाऊस." अहो, तो शेवटचा ६ कोणी मोजला? तुमच्याच तक्त्यातल्या नऊ तालुक्यांची मी बेरीज केली, ७८८ येते, नऊने भागलं की कॅल्क्युलेटर पाच पाच पाच करत सुटतो, तुमच्या माणसाने त्याला चौथ्या घरात पकडून पानावर बसवलंय. तालुक्यांचे आकडे मात्र सगळे पूर्णांकात! एकीकडे ४१ आणि शेजारी १४२ असताना "सुमारे ८८" लिहिलं असतं तर कोणाचं काय बुडत होतं?

मी स्वतः परसात पर्जन्यमापक ठेवलाय, रोज सकाळी साडेआठला बघतो, वेधशाळेची वेळ तीच. काचेच्या मापावर सगळ्यात बारीक रेघ ०.१ मिमीची. ती वाचायची तर माप सपाट जागी ठेवून डोळा पाण्याच्या रेषेत आणायचा, कडेला चढलेलं पाणी सोडून मधला खोलगट भाग वाचायचा, आणि हे सगळं एका हातात छत्री धरून. वारा असला की पाऊस आडवा जातो, नरसाळ्यात पडायचा तो बाहेरच पडतो. एकदा फणसाचं पान नरसाळ्यावर बसलं, पागोळ्या धो धो चालू आणि माझा पाऊस २ मिमी! आणि तुमच्याकडे मिलिमीटरचा दहा हजारावा भाग.

एवढं लागायला कारण आहे. १९८४ साली बारावीच्या प्रॅक्टिकलला मला व्हर्नियर (बारीक मोजमापाची सरकती पट्टी) आलं होतं. पितळी गोळ्याचा व्यास, झिरो एरर (पट्टीची मुळातली चूक) बघून झाली, रीडिंग व्यवस्थित, आणि मी लिहिलं २.१ सेंमी. बाहेरून आलेल्या सरांनी त्यावर लाल पेनने गोल काढला, "शून्य कुठाय?" मी म्हटलं सर, पॉइंटनंतर शेवटी आलेल्या शून्याला कुठे किंमत असते? झालं! "लीस्ट काउंट (पट्टीवर मोजता येणारं सगळ्यात लहान माप) किती? ०.०१ ना? मग तो शून्य तू मोजलायस, लिहायला नको? २.१ म्हणजे पुढचं माहीत नाही, २.१० म्हणजे माहीत आहे आणि ते शून्य आहे." (छापताना हा शून्य कृपया खाऊ नका.) वर घनफळ मी ४.८४९ लिहिलेलं, ते ४.८५ हवं होतं, कारण व्यासातच सार्थक अंक (म्हणजे खरोखर मोजलेले अंक) तीन. एक मार्क मोजून न लिहिल्याचा गेला, एक न मोजता लिहिल्याचा. टोटलला फर्स्ट क्लास बरोब्बर दोन मार्कांनी हुकला, आईने ते पुढे वीस वर्षं ऐकवलं. तुमच्या उपसंपादकांचे किती कापायचे?

एव्हरेस्टची उंची १८५६ मध्ये २९,००२ फूट म्हणून जाहीर झाली. सांगतात की हिशोबात नेमके २९,००० आले होते, पण लोकांना अंदाजपंचे वाटेल म्हणून वर दोन फूट चढवले. म्हणजे हा रोग जुना आहे, तुम्हाला एकट्याला दोष देत नाही.

पण जिथे दशांशाने खरंच फरक पडतो ते तुम्ही छापतच नाही. महसूल मंडळात (तालुक्याचा छोटा भाग) २४ तासांत ६५ मिमी झाला तर सरकारदरबारी अतिवृष्टी, ६४.८ आला की आडव्या पडलेल्या भाताकडे बघत बसायचं. जिल्ह्याची सरासरी घेऊन तो शेतकरी काय करणार? मंडळवार आकडे द्या की, एका दशांशापर्यंत, तेवढे पुरेत.

जाता जाता, भरती-ओहोटीच्या वेळा. जाहिरात आली की पहिली उडते ती हीच चौकट. परवा छापलीत त्यात दोन भरत्यांमध्ये सहाच तास होते. सहा तासांनी ओहोटी असते हो, पुढची भरती साधारण सव्वाबारा-साडेबारा तासांनी, आमच्या वाडीतलं शाळकरी पोरगं पण सांगेल. होडी लोटणारे लोक तुमचा पेपर वाचून पाण्यात जात नाहीत हेच नशीब.

आपला,
एक जुना वर्गणीदार, ता. गुहागर