रॅम घेण्याआधी पेज टेबल बघा

महोदय,

ऊसबिलं जमा होऊ लागली की बेळगाव, खानापूर, निपाणी भागातल्या पतसंस्थांच्या सर्व्हरवर ताण येतो आणि 'रॅम वाढवा' हा सल्ला ठरलेला असतो. लिनक्सवर पोस्टग्रेस हा डेटाबेस चालवणाऱ्यांनी पैसे मोजण्याआधी 'प्रॉक' फोल्डरमधली मेमइन्फो ही मेमरीचा हिशेब दाखवणारी फाइल उघडून 'पेजटेबल्स' ही ओळ वाचावी. मेमरी पेज नावाच्या तुकड्यांत वाटलेली असते आणि कुठलं पेज रॅममध्ये कुठे आहे, याची नोंदवही म्हणजे पेज टेबल. आकडा काही जीबींचा असेल, तर रोग वेगळा आहे.

नेहमीच्या इंटेल-एएमडी प्रोसेसरवर साधं पेज 4 केबीचं. 8 जीबी शेअर्ड बफरची (पोस्टग्रेसच्या सगळ्या कनेक्शन्सनी मिळून वापरायच्या मेमरीची) 20,97,152 पेजेस होतात. प्रत्येकाच्या नोंदीला 8 बाइट, म्हणजे 16 एमबी. पोस्टग्रेसमध्ये दर कनेक्शनला वेगळी प्रोसेस आणि तिचं स्वतंत्र पेज टेबल. 200 कनेक्शन्सनी सगळे बफर हाताळले, तर नुसत्या नोंदीच 3 जीबीहून जास्त रॅम खातात. पेज 2 एमबीचं, म्हणजे 'ह्यूज पेज', केलं की 4,096 पेजेस पुरतात आणि नोंदी कनेक्शनमागे 32 केबीवर येतात.

अशी पेजेस मागताना कर्नलकडे (लिनक्सच्या गाभ्याकडे) मेमरी मागणाऱ्या एममॅप कॉलला 'मॅप ह्यूजटीएलबी' फ्लॅग लागतो. अशा पेजेसचा आधी राखून ठेवलेला साठा अपुरा असेल तर कॉल 'ईनोमेम' (मेमरी नाही) ही एरर देऊन परततो. खरी गोम पुढे आहे. पोस्टग्रेसचं 'ह्यूज पेजेस' सेटिंग मुळात 'ट्राय' असतं. कॉल फसला तरी पोस्टग्रेस मुकाट्याने साध्या पेजेसवर सुरू होतो. ते 'ऑन' करावं. साठा कमी पडला तर सर्व्हर सुरूच होणार नाही, पण निदान कळेल तरी!

किती पेजेस लागतील हे अंदाजाने ठरवू नये. शेअर्ड मेमरी बफरपेक्षा थोडी जास्तच लागते. आवृत्ती 15 पासून बंद सर्व्हरला 'शेअर्ड मेमरी साइझ इन ह्यूज पेजेस' विचारता येतं. तो आकडा सिसकंट्रोलच्या (कर्नलच्या सेटिंग्जच्या) फाइलमध्ये 'एनआर ह्यूजपेजेस' म्हणून लिहून मशीन रीबूट करावं. चालू मशीनवर मेमरी विखुरलेली असते. कर्नल मागितल्यापेक्षा कमी पेजेस देतो आणि एररही दाखवत नाही. म्हणून मेमइन्फोमध्ये 'ह्यूजपेजेस टोटल' तपासावं. 'फ्री' मोठा दिसला म्हणून लगेच साठा कापू नये, शेजारचा 'रिझर्व्ह्ड' वाचावा; ती पेजेस आधीच कबूल केलेली, फक्त अजून न वापरलेली असतात. उगाच जास्त राखलं, तर ती रॅम इतर प्रोग्रॅमना मिळत नाही.

'ट्रान्सपरंट ह्यूज पेजेस', म्हणजे कर्नलने आपणहून दिलेली मोठी पेजेस, हे प्रकरण निराळं. त्याच मशीनवर रेडिस (मेमरीत चालणारा डेटाबेस) असेल तर ते 'ऑलवेज' ठेवू नये: 5.8 च्या आधीच्या कर्नलवर फोर्कनंतर (प्रोसेसने स्वतःची प्रत सुरू केल्यावर) एक बाइट बदलला तरी 2 एमबीची प्रत काढावी लागते.

– एक डेटाबेस व्यवस्थापक, टिळकवाडी, बेळगाव