ग्रहण ठरलेले, ढग नव्हेत

मा. संपादक,
स. न. वि. वि.

रविवारच्या पुरवणीत नियतिवादावरचा लेख वाचला. विज्ञानातला नियतिवाद (आजची स्थिती आणि निसर्गाचे नियम यांवरून पुढचे सारे ठरते, हे मत) आणि 'कपाळी लिहिलेले टळत नाही' ही समजूत लेखकाने एकाच दावणीला बांधली आहे. मी शाळेत 27 वर्षे गणित शिकवले. मला हे अजिबात पटले नाही, म्हणून हे पत्र.

विज्ञानातल्या या कल्पनेचे मूळ ग्रहणांच्या नोंदींत आहे. आजच्या इराकच्या भागातल्या प्राचीन बॅबिलोन-असिरियात ग्रहण म्हणजे राजाच्या जिवावरचे संकट. ते सरेपर्यंत गादीवर दुसऱ्याच कुणाला तरी बसवत. त्या धास्तीपोटी मातीच्या पाट्यांवर शतकानुशतके आकाशाची नोंद होत राहिली. त्यातून हाती आले ते असे : 223 चांद्रमासांनी, म्हणजे 18 वर्षे, 11 दिवस आणि सुमारे 8 तासांनी, तसेच ग्रहण पुन्हा येते. भीतीने सुरू झालेली वही मोजणीने भीतीच्या पलीकडे गेली!

याचा पडताळा घरी घेता येतो. 22 जुलै 2009 या तारखेत 18 वर्षे 11 दिवस मिळवा. येते 2 ऑगस्ट 2027, आणि त्या दिवशी खग्रास सूर्यग्रहण आहेच. वरच्या 8 तासांत पृथ्वी एक तृतीयांश फेरी मारते, म्हणून 2009 साली सुरतेवरून गेलेली सावली या वेळी स्पेन, इजिप्तवरून जाईल. सातवी-आठवीच्या मुलांना हे वहीत करायला द्यावे. त्यांचे डोळे कसे चमकतात ते मी पाहिले आहे.

आपल्याकडे आर्यभटाने 499 मध्ये चंद्र सूर्याला झाकतो आणि पृथ्वीची सावली चंद्राला, हे स्वच्छ लिहिले. पुढे हॅलेचा धूमकेतू सूर्याजवळून पुन्हा कधी जाईल हे काढायला क्लेरो, लालांद आणि निकोल-रेन लपोत हे तिघे फ्रेंच गणिती 1758 मध्ये महिनोन्महिने, कधी जेवतानासुद्धा, आकडेमोड करत बसले. त्यांनी एप्रिल 1759 चा मध्य सांगितला आणि महिनाभर इकडेतिकडे होऊ शकेल, हेही आधीच सांगून ठेवले. धूमकेतू 13 मार्चला सूर्याजवळून गेला. चूक किती होऊ शकते हे आधी सांगण्याची ही रीत कुठल्या कुंडलीत आहे? 1814 मध्ये फ्रेंच गणितज्ञ लाप्लासने लिहिले की विश्वातल्या प्रत्येक कणाची स्थिती आणि सारी बले जाणणाऱ्या बुद्धीला भूत-भविष्य सारखेच दिसेल. त्या बुद्धीची पुसट कल्पना म्हणून त्याने बोट दाखवले ते खगोलशास्त्राकडेच.

2009 च्या त्या ग्रहणाला मी धुळ्याहून रात्रीच्या एसटीने 11 विद्यार्थ्यांना घेऊन सुरतेकडे गेले होते. पहाटेपासून आभाळ भरलेले. ठरल्या मिनिटाला अंधार पडला, कावळे ओरडायचे थांबले, तीन मिनिटांनी उजाडले. सूर्य काही दिसला नाही. एक मुलगी रडवेली होऊन म्हणाली, "बाई, ग्रहण इतकं आधी कळतं, मग ढग का नाही कळत?"

याचे उत्तर लेखात यायला हवे होते. ढगही नियमांनीच चालतात. पण 1961 मध्ये हवामानशास्त्रज्ञ एडवर्ड लोरेन्झने संगणकावरच्या हवामानाच्या गणितात 0.506127 ऐवजी 0.506 भरले आणि थोड्याच काळात सगळे चित्र पालटले. एकमेकांना ओढणाऱ्या तीन गोलांच्या गतीच्या गणितात असेच काही असते, हे फ्रेंच गणितज्ञ प्वांकारेला 1890 च्या सुमारासच दिसले होते. म्हणजे नियम असणे वेगळे आणि आधी सांगता येणे वेगळे. हा भेद कुणा ज्योतिषाने सांगितलेला नाही. ज्या आकाशाच्या हिशेबातून नियतिवाद आला, त्याच हिशेबातून हा भेदही आला.

2 ऑगस्ट 2027 ला महाराष्ट्रात दुपारनंतर खंडग्रास ग्रहण असेल. त्याची वेळ आज सेकंदापर्यंत काढता येते. ते दिसेल की नाही, हे मात्र जुलैच्या शेवटी हवामान खात्याला विचारावे लागेल.

आपली,
एक निवृत्त गणित शिक्षिका, धुळे