निम्मी गाडी तुझी आहे म्हणून विचारतोय

भावा,

आठ महिने झाले तुझ्या मेलला आणि मी उद्या लिहितो, उद्या लिहितो करत राहिलो. शिव्या घाल, ऐकून घेतो. आईचा गुडघा बरा आहे, बाबांची शुगर ताब्यात आहे, मी ठणठणीत. आता मुद्द्याचं.

मी रॉयल एनफिल्डच्या नव्या हिमालयन बाइकला टोकन देऊन आलोय. साडेचारशे सीसीवालीला. आणि आपली जुनी हिमालयन एक्स्चेंजला द्यायची बोलणी चालू आहेत. मी अजून हो म्हटलेलं नाही, कारण आरसीवर नाव माझं असलं तरी २०१६ ला ती घेताना निम्मे पैसे तुझे होते. १ लाख ५५ हजार एक्स-शोरूम, आणि तुझ्या पहिल्या बोनसचा चेक तू शोरूमच्या काचेवर ठेवून सही केली होतीस. तू गेलास तेव्हा विमानतळावर "गाडी सांभाळ" एवढंच म्हणालास, वहिनी शेजारी उभी होती तिला काही बोलला नाहीस, ते ती अजून काढत असेल.

रविवारी काय झालं ते सांगतो म्हणजे कळेल. पहाटे साडेचारला नेहमीप्रमाणे आंबोलीला निघालो. सहा गाड्या, त्यातल्या तीन साडेचारशे, डॉक्टर, बारक्या आणि पाटील. जुन्या तीन म्हणजे मास्तर, आण्णा आणि मी. हायवेला निपाणीपर्यंत ते तिघं दिसेनासे झाले. होणारच रे, आपली ताकद २४.५ बीएचपी आणि पाच गिअर, त्यांची ४० आणि सहा, त्यांना एकशेदहाला गाणी म्हणत जाता येतं. पण उत्तूरच्या पुढं आपल्या टपरीवर पोचलो तर ते चहा पिऊन निघून गेलेले. टपरीवाला म्हणाला, तुमची माणसं मगाशीच गेली. भावा, इतक्या वर्षांत असं कधी झालं नव्हतं. शेवटचा माणूस येईपर्यंत पहिल्यानं कप उचलायचा नाही हा नियम तूच केला होतास. मास्तरांनी चहा न पिताच किक स्टँड काढला.

आंबोलीत भजी खाताना फुटलंच. मास्तर म्हणाले ही हिमालयन नव्हेच, नाव तेवढं ठेवलंय. डॉक्टर म्हणाला तुमची गाडी म्हणजे ट्रॅक्टर, नांगर जोडा. मग नवीच्या रेडिएटरवर घसरले, तिचं इंजिन पाण्यानं गार होतं ना. मास्तरांचं म्हणणं, उद्या तिकडं स्पितीत काझाच्या अलीकडं एक दगड उडून रेडिएटरला भोक पडलं तर काय करणार, जुन्या इंजिनला हवा आणि ऑइल बास आहे. डॉक्टर म्हणाला पाणी घालून पण गाडी जुनीच्या शेवटच्या मॉडेलपेक्षा हलकी आहे, १९९ च्या जागी १९६ किलो, वर टाकी १५ ची १७ लिटर झाली, सांगा काय वाईट केलं. मी तुझं जुनं पत्र आठवून मध्ये पडलो. तू लिहिलं होतंस ना, २०१३ ला बीएमडब्ल्यूच्या जीएस बाइकला पाण्याचं कूलिंग आलं तेव्हा तिकडं जर्मनीतले जुने रायडर असेच बोंबलत होते, आणि आता नवी १३०० जीएस आली तर तुझ्या ऑफिसात तिच्या एक्स आकाराच्या लाइटवरून भांडणं, १२ किलो कमी केले ते कुणी बघत नाही. पण कोण ऐकतंय. आण्णा तेवढे शांतपणे सगळ्यांची भजी संपवत होते.

मग डॉक्टरनं चावी माझ्या हातात दिली. म्हणाला जरा दाणोलीपर्यंत जाऊन या, मग बोला.

गेलो. खाली जाताना तिला शिव्या द्यायला कारणं शोधत होतो आणि एक सापडलंही. गिअर वर असताना तीन हजाराच्या खाली आरपीएम पडले की ती कुरकुरते, गिअर पाडावा लागतो. आपली तिथं गुपचूप ओढत राहते. आपलीचा स्ट्रोक, म्हणजे पिस्टनची धाव, ८६ मिलिमीटर आणि बोअर, म्हणजे सिलिंडरची रुंदी, ७८, म्हणून सगळा जोर खालीच, चार-साडेचार हजाराला. नवीचं उलटं, बोअर ८४ आणि स्ट्रोक ८१.५, ती वर गेल्यावर जागी होते. हे मला कागदावर माहीत होतं. पण दाणोलीहून वर येताना धुकं, ओला रस्ता, मी दुसऱ्या गिअरमध्ये टाकून थ्रॉटल पिळला आणि भावा, काय सांगू. खड्ड्यातून पुढचं चाक असं गेलं की हाताला कळलंच नाही. ब्रेक दोन बोटांत. मी हेल्मेटमध्ये मोठ्यानं हसत होतो, छत्तीस वर्षांचा माणूस.

वर आलो तर मास्तर रस्त्याकडेला उभे होते. त्यांनी माझं तोंड बघितलं. बास, काही बोलले नाहीत, हेल्मेट घातलं आणि एकटे निघून गेले. तेव्हापासून फोन उचलत नाहीत.

सोमवारी मी टोकन दिलं आणि रात्री पार्किंगमध्ये जाऊन आपल्या गाडीजवळ बसलो. मला आठवत होता तो आपल्या हिमाचलच्या ट्रिपमधला बातलच्या पुढचा नाला. २०१८. कलिंगडाएवढे दगड, गुडघाभर पाणी, आणि ती पहिल्या गिअरमध्ये जवळजवळ आयडलवर चालत गेली, घोड्यासारखी. पडलो ते तुझ्यामुळं, तू मागून उडी मारलीस म्हणून, हे मी आजही म्हणतो. तुझा बूट चंद्रा नदीत गेला. चंद्रेचं पाणी पुढं चिनाबला मिळतं, तो बूट पाकिस्तानात कुणीतरी वापरत असेल. आणि कुंझुम खिंडीच्या चढाला, साडेचार हजार मीटरच्या वर, विरळ हवेत आपल्या कार्बोरेटरचा दम सुटला तेव्हा तू उतरून पायी वर आलास आणि मी खिंडीत तुझी वाट बघत बसलो. तेवढा वेळ आपण दोघं वेगवेगळे होतो, बाकी बारा दिवस एका सीटवर.

नवी गाडी चांगली आहे. मास्तरांना खोटं बोलून मला त्यांच्यासोबत राहायचं नाही. पण ती घेतली की मी पण निपाणीला पुढं निघून जाणार, हातच तसा पिळला जातो, मी रविवारी स्वतः अनुभवलं. आणि मागं मास्तर आणि आण्णा दोघंच राहणार. याची मला भीती वाटते. जुनी आता नवीन मिळत पण नाही, २०२३ ला ती बंदच केली, म्हणजे दिली की गेली.

दोन्ही ठेवायच्या तर पार्किंग एकाच गाडीचं. तुझ्या घरी काकांच्या शेडमध्ये जागा आहे का? काकांना मी विचारू शकतो पण तू आधी सांगितलेलं बरं.

तुझं नवीन घर झालं का? पोरगी जर्मनच बोलते म्हणे, मराठी सोडू नका. वहिनीला नमस्कार सांग.

एक्स्चेंजवाला शनिवारपर्यंत थांबतो म्हणालाय. तुझ्याकडे साडेपाच वाजले की इथं नऊ, तेव्हा फोन कर. आणि मला करायच्या आधी मास्तरांना कर, तुझा नंबर बघून ते उचलतील. टोकनचं मी त्यांना सांगितलेलं नाही, तू पण सांगू नकोस, ते मीच घरी जाऊन सांगणार.

तुझा,
पक्या