शिकागोच्या मावशींना उघड आभारपत्र

प्रिय मावशी,

सप्रेम नमस्कार.

“जानेवारीत अमेरिका बघायला कोण येतं गं?” असं ओहेअर विमानतळावर विचारून, उत्तराची वाट न बघताच तुम्ही गुडघ्याखाली येणारा एक जाडजूड कोट माझ्या अंगावर टाकलात. तिकीट स्वस्त मिळालं, एवढंच माझं उत्तर होतं. मैत्रिणीची मावशी, इतक्याशा ओळखीवर तुम्ही घरात घेतलंत, जेवू घातलंत, त्याचे आभार फोनवर मानून झालेत. हे पत्र त्यासाठी नाही.

पाहुण्याला गारठा बाधेल म्हणून यजमान त्याला चहा देऊन सोफ्यावर बसवतात. तुम्ही मला बाहेर काढलंत. आतला थर सुती नको, घाम धरून ठेवतो. हातमोजे सगळी बोटं एकत्र राहतील असेच घ्यायचे. बर्फावर पावलं छोटी टाकायची. हे एकदा सांगितलंत, आणि दुसऱ्याच दिवशी मला ‘एल’च्या, म्हणजे तुमच्या शहर रेल्वेच्या, फलाटावर एकटीला सोडलंत. छताला लावलेले हीटर बटण दाबल्यावर थोडा वेळच चालतात, हे तुमच्यामुळे ठाऊक होतं. त्यांच्या खाली माणसं उभी होती आणि पायांत कबुतरं. बटणाकडे सगळ्यांचं लक्ष, तरी पुढे होऊन दाबणारी मीच!

मिशिगन सरोवराच्या काठी बर्फाच्या गोल चकत्या एकमेकींवर घासत होत्या. वाऱ्याने डोळ्यांत पाणी आलं म्हणून मी लवकर मागे फिरले आणि शहराच्या मध्यभागी, लूपमधल्या पेडवेत शिरले. रस्त्याखालून इमारती जोडणारी ही वाट काही ठिकाणी चकाचक, काही ठिकाणी चक्क तळघर.

मला सगळ्यात आवडल्या त्या खुर्च्या. रस्त्याकडेच्या बर्फात आपल्या गाडीपुरती जागा फावड्याने मोकळी करायची आणि कामावर जाताना तिथे मोडकी खुर्ची ठेवायची. एसटीच्या सीटवर टाकलेला रुमालच की हा! कायद्यात बसत नाही, पण तुमच्या शेजाऱ्यांपैकी कोणी ती हलवताना दिसलं नाही. मेट्रा रेल्वेचे सांधे गोठू नयेत म्हणून रुळांशेजारी गॅसच्या ज्वाळा पेटवतात, तेही तुम्ही मुद्दाम दाखवायला नेलंत. निफाडला पारा उतरला की द्राक्षबागांत शेकोट्या पेटतात, त्याची आठवण झाली. अर्थात निफाडचा पारा ५ अंशांवर आला की आमच्याकडे पहिल्या पानावर फोटो येतो. तुम्ही ३० जानेवारी २०१९ची गोष्ट सांगितलीत: उणे ३० अंशांच्याही खाली, टपालवाटपसुद्धा बंद. त्यानंतर निफाडबद्दल मी तुमच्यासमोर बोलले नाही.

एक गोष्ट मात्र तुम्ही आवाज चढवून सांगितलीत. ‘एल’ची रेड लाइन रात्रभर चालते. डब्यात पिशव्या उशाशी घेऊन झोपलेली माणसं दिसतील, नाक मुरडू नकोस, त्यांना घर नाही. शहर वॉर्मिंग सेंटर उघडतं, वाचनालयांतही माणसं ऊब धरून बसतात, तरी ही माणसं डब्यातच असतात. ती मला दिसली. गर्दीच्या डब्यातही त्यांना कोणी उठवलं नाही.

तुमच्याच आग्रहाने दिवसाच्या गाडीने सेंट पॉलला गेले. संध्याकाळी मिसिसिपीच्या काठाने गाडी जाते तेव्हा गोठलेल्या पाण्यावर मासेमारीचे तंबू दिसतात. डब्यातला एकही स्थानिक माणूस मान वर करून बघत नव्हता. शेजारच्या मिनियापोलिसचे स्कायवे मला तितकेसे रुचले नाहीत, हे सांगून टाकते. दुसऱ्या मजल्यावरून काचेच्या पुलांनी जोडलेलं जवळजवळ १५ किलोमीटरचं जाळं, स्वेटर घालून फिरावं इतकं उबदार. पण खाली रस्ता ओस, आणि कचेऱ्या सुटल्या की वरही शुकशुकाट. त्यापेक्षा तुमचा फलाट बरा, निदान तिथे माणसं एकमेकांना चिकटून उभी राहतात.

तुम्ही सोबत आला असतात तर मी तुमच्या मागेमागे फिरले असते आणि यातलं निम्मं बघितलं नसतं. मला एकटीला सोडण्याची काळजी तुम्हालाही वाटलीच असणार, दर तासाला मेसेज येत होता, “नाक झाकलंस का?”

आता माझा मावसभाऊ शिकायला मिनियापोलिसला येतो आहे. तुमचा नंबर त्याला दिला आहे. तो फार प्रश्न विचारतो, त्याची आगाऊ माफी मागते.

तुमची,
नाशिकची पाहुणी